तक्त्याचा उजवा रकाना कुणाचा?

पत्र:

मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. ‘मुलांचे हक्क’ हा भाग झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलाने जाहीर केलं, ‘गृहपाठ न करणं हा माझा हक्क आहे.’ वर्ग हसला, मीही हसले. पण आता ते सगळ्यांचं पालुपदच झालंय. बोलायचा हक्क, उशिरा यायचा हक्क, काय वाटेल ते. एका पालकांनी येऊन सुनावलं, ‘आधी कर्तव्यं शिकवा, हक्क काय, मोठेपणी कळतातच.’ मुख्याध्यापिकांनी तोडगा काढला: भिंतीवर तक्ता लावा, डावीकडे हक्क आणि उजवीकडे त्यासाठी मुलाने करायचं कर्तव्य. मी कागद आणून ठेवलाय, पण हात चालत नाही. काहीतरी खटकतंय, काय ते सांगता येत नाही. आणि हो, यावर परीक्षेत प्रश्नही येणार आहे. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर:

नमस्कार बाई,

आधी त्या मुलाचं बघू, कारण हे सगळं त्याच्यापासून सुरू झालं आणि तुमच्या पत्रात त्याच्या वाट्याला एकच ओळ आलीय. पाठ संपला की वही मिटायची, हे मुलं फार लवकर शिकतात. याने पाठ संपल्यावर तो वापरून पाहिला. चुकीच्या जागी वापरला हे खरं, पण वापरला. असा विद्यार्थी वर्षाकाठी एखादाच भेटतो. त्याला हसण्यावारी नेऊ नका.

त्याला उत्तर द्यायचं ते कागद पुढे ठेवून. ‘कुठे लिहिलंय? चल, बघू या.’ संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता मंजूर केली. तिच्यात ५४ कलमं आहेत, आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. २८वं कलम शिक्षणाचं, ३१वं विश्रांतीचं आणि खेळाचं. गृहपाठ न करण्याचं कलम काही सापडणार नाही. पण ३१वं वाचल्यावर तो पटकन विचारेल, ‘म्हणजे झोपेपर्यंत गृहपाठच पुरत असेल, तर ते चूक ना?’ आणि तुम्हाला ‘हो’ म्हणावं लागेल. २८व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे: शाळेतली शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरून असली पाहिजे. म्हणजे गृहपाठ केला नाही म्हणून त्याला जाब विचारता येतो, बसवून पूर्ण करून घेता येतो. चारचौघांत त्याचा पाणउतारा करता येत नाही, हात तर उगारायचाच नाही. थोडक्यात, मुलाचा मुद्दा निम्मा पडला आणि निम्मा टिकला. दोन्ही त्याला स्पष्ट सांगा. निम्मा टिकला हे सांगायला आपण मोठी माणसं बहुधा विसरतो.

यातून वर्गाच्या हाती एक प्रश्न देता येईल, तोही जन्मभर पुरणारा: तुझा हक्क आहे, ठीक, मग तो पाळायचा कुणी? शिकण्याचा हक्क म्हटला की समोर शाळा, सरकार, आईवडील उभे राहतात. मार न खाण्याचा हक्क म्हटला की अंगापिंडाने मोठा असलेला प्रत्येक जण. झोपाळ्यावर पाळी मिळण्याचा हक्क म्हटला की आत्ता झोपाळ्यावर बसलेली मुलगी. आणि ‘मला नवा मोबाइल मिळण्याचा हक्क’ म्हटला की? समोर असं कुणी सापडत नाही, ज्याने तो दिलाच पाहिजे. ती इच्छा झाली. इच्छा असण्यात काही वाईट नाही, पण तिच्यासाठी वर्ग थांबवता येत नाही. दहा वर्षांची मुलं ही चाळणी सफाईने वापरतात आणि एकमेकांवर वापरायला तर त्यांना फारच आवडतं. तुमच्या वर्गातलं पालुपद तुम्ही दटावण्याआधीच त्यांचं तेच मोडीत काढतील.

आता तुम्हाला काय खटकतंय त्याकडे येते. या तक्त्याच्या दोन्ही रकान्यांत एकच माणूस आहे: मूल. डावीकडे ‘मला शिकण्याचा हक्क आहे’, उजवीकडे ‘म्हणून मी रोज अभ्यास करीन’. डावीकडे ‘मला स्वच्छ पाण्याचा हक्क आहे’, उजवीकडे ‘म्हणून मी पाणी वाया घालवणार नाही’. दिसायला छान, वहीत उतरवायला सोपं. पण एखाद्या हुशार मुलीने विचारलं, ‘बाई, मी अभ्यास केला नाही तर माझा शिकण्याचा हक्क गेला का?’ तर तक्ता गप्प. ज्याने नळ उघडा ठेवला त्यालाही उद्या तहान लागणार आणि त्यालाही पाणी मिळालंच पाहिजे. हक्क हा कर्तव्याचा पगार नव्हे, की दांडी मारली म्हणून कापून घ्यावा. आणि त्या तक्त्यातून सगळ्यात सफाईने कोण निसटलंय ते पाहा: नळाला पाणी आणणारे, शाळा चालवणारे, वर्गात उशिरा येणारे. म्हणजे आपण मोठे.

घटनेत हे कसं मांडलंय ते पाहण्यासारखं आहे, आणि ते त्या पालकांनाही ऐकवण्यासारखं आहे. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्यात मूलभूत हक्कांचा भाग होता, मूलभूत कर्तव्यांचा नव्हता. कर्तव्यं आली १९७६ मध्ये, ४२व्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद ५१-क म्हणून. आणीबाणी चालू होती, लोकांच्या हक्कांवर टाच आलेली होती, आणि नेमकी त्याच वेळी कर्तव्यांची यादी आली. हा योगायोग मला कधी सरळ वाटलेला नाही. पण यादी म्हणून ती वाईट मुळीच नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, जंगलं, नद्या, तलाव जपणं, हे सगळं तिच्यात आहे आणि मुलांना ते आवर्जून वाचून दाखवावं. मात्र यातलं एखादं पाळलं नाही म्हणून तुमचा मूलभूत हक्क काढून घ्यावा, असं घटनेत कुठेही नाही. हक्क डावलला तर अनुच्छेद ३२ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. ५१-कच्या कर्तव्यांना तशी न्यायालयाची सक्ती जोडलेली नाही.

आणि आता मजा. सुरुवातीला कर्तव्यं दहा होती. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, तो अनुच्छेद २१-क. त्याच दुरुस्तीने अकरावं कर्तव्यही आणलं. कुणासाठी? आईवडील आणि पालकांसाठी: आपल्या मुलाला त्या वयात शिक्षणाची संधी मिळवून देणं. हक्क मुलाचा, कर्तव्य मोठ्यांचं, एकाच कायद्यात, एका वेळी. ‘आधी कर्तव्यं शिकवा’ म्हणणाऱ्या पालकांना हे हसतमुखाने सांगा. आधी कर्तव्यंच शिकवायची असतील, तर पहिला तास पालकसभेत घ्यावा लागेल.

तरी त्यांची भीती खोटी आहे असं समजू नका. ‘हक्क’ हा शब्द घरात आला की मूल उलटून बोलणार, ऐकेनासं होणार, हे त्यांच्या डोक्यात असतं. त्याला खरं उत्तर माणसाच्या हक्कांवर लिहिणाऱ्या थॉमस पेन या इंग्रज लेखकाने १७९१ मध्येच देऊन ठेवलंय. त्याच्या थोड्याच आधी, १७८९ मध्ये, फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत हक्कांचा जाहीरनामा ठरत असताना काही सदस्यांनी ‘सोबत कर्तव्यांचाही जाहीरनामा करा’ असा आग्रह धरला होता. सभेने तो मानला नाही. (१७९५ च्या फ्रेंच राज्यघटनेत कर्तव्यं आलीच, हा झगडा असा एकदा मिटून कायमचा मिटत नाही.) पेनचं म्हणणं साधं होतं: माणूस म्हणून जो माझा हक्क, तोच दुसऱ्याचाही, म्हणून तो दुसऱ्याला मिळेल हे पाहणं माझ्यावर आलंच. हक्क नीट शिकवला की जबाबदारी त्याच्या पोटातच असते. मुलाने घरी जाऊन ‘माझं ऐकून घ्या’ म्हटलं, तर धाकट्या बहिणीचंही ऐकून घ्यावं लागतं, हे त्याला त्याच संध्याकाळी कळायला हवं. ते काम आईवडिलांचं, तुमचं नव्हे.

तेव्हा तक्ता करा. मुख्याध्यापिकांना भिंतीवर काहीतरी हवंय आणि ते रास्त आहे. फक्त उजव्या रकान्याचं शीर्षक बदला: ‘हे कुणी कुणी करायचं?’ डावीकडे ‘शिकण्याचा हक्क’ आणि उजवीकडे मुलांनी सुचवलेली नावं: बाई, मुख्याध्यापिका, सरकार, आई, बाबा, बाकावर शेजारी बसणारा, आणि मी. ‘मी’ प्रत्येक ओळीत असेल, पण एकटा नसेल. मुलं स्वतःला उजव्या रकान्यात घालायला खळखळ करतील अशी तुम्हाला शंका असेल, तर एवढंच सांगते की दुसऱ्यांची नावं आधी लिहू दिली की स्वतःचं नाव लिहायला मुलं फारशी कां-कूं करत नाहीत.

वयाचंही थोडं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून एक अभ्यास केला होता, तो १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलांना खेळाचे नियम वरून आलेले, न बदलता येणारे वाटतात. दहाच्या आसपास त्यांना उमगायला लागतं की हे आपण मिळून ठरवलेत आणि सगळ्यांना मान्य असेल तर बदलूही शकतो. तुमचा वर्ग नेमका त्या वळणावर आहे. पहिली-दुसरीत कलमं आणि अनुच्छेद नकोतच. तिथे पाळी, वाटणी आणि ‘हे बरोबर झालं का?’ एवढं पुरे.

आता वर्गात करायचं काय. माझा आग्रह एकच आहे: मुलांना एक खरा निर्णय द्या. अभिरूप संसद नको, निवडणुकीचा देखावा नको. मॉनिटरची निवडणूक तर मला विशेष नकोशी वाटते. मुलं हौसेने मतं देतात, लोकप्रिय मूल निवडून येतं आणि मग त्याला काम काय मिळतं, तर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याचं. निवडून आलेला प्रतिनिधी म्हणजे सत्तेचा खबऱ्या, हा धडा आपण नकळत पक्का करतो आणि ज्याचं नाव लिहिलं गेलं त्याला बाजू मांडायची सोयही ठेवत नाही.

खरा निर्णय म्हणजे ज्याचा परिणाम मुलांना सोमवारी सकाळी भोगावा लागेल असा. मधल्या सुट्टीतलं मैदान घ्या. बहुतेक शाळांत मधला भाग दांडगट मुलांच्या ताब्यात असतो आणि मुली, लहान मुलं, चालायला त्रास असलेलं मूल कडेकडेने. हे कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून ते कुणाला दिसतही नाही. आठवडाभर मुलांना फक्त पाहू द्या आणि लिहू द्या: कोण कुठे खेळतं, किती वेळ, कोण खेळतच नाही. मग ते कागद घेऊन बसा. इथे घाई करू नका, एक अख्खा तास गेला तरी जाऊ द्या. ज्यांच्याकडे मैदान आहे ते म्हणतील, ‘पण त्यांना खेळायचंच नसतं.’ मग त्यांनाच विचारायला लावा. एखादी कधी न बोलणारी मुलगी सांगेल की चेंडू लागतो म्हणून ती जात नाही, आणि वर्गाची हवा बदलेल. नियम मुलांनी करायचा, दोन आठवडे चालवून बघायचा, पुन्हा बसायचं आणि दुरुस्त करायचा.

यात एक अवघड जागा येणारच. कुणीतरी म्हणेल, ‘मत घेऊ या’, आणि वर्गात मैदानवाल्यांचं बहुमत असेल. तिथे थांबा, कारण सगळ्या विषयाचा गाभा तिथे आहे. वार कोणता, खेळ कोणता, हे मताला टाकता येतं. कुणाला मैदान मिळूच नये, हे मताला टाकता येत नाही. मोठ्यांची न्यायालयंही याच प्रश्नाशी झुंजली आहेत, आणि तीही शाळकरी मुलांमुळे. १९८५ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं गेलं. शाळेच्या सभेत राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. अमेरिकेत त्याच पंथाच्या मुलांनी ध्वजाला सलामी द्यायला नकार दिला होता, आणि १९४३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना बजावलं की मूलभूत हक्क मतदानाला टाकण्याची गोष्ट नव्हे. केरळची हकिगत वर्गात सांगाल तेव्हा निकाल लगेच फोडू नका. ‘त्या शाळेत मत घेतलं असतं तर काय झालं असतं?’ एवढं विचारा. आणि ती मुलं उभी राहत होती, या तपशिलावरही बोलू द्या. दुसऱ्यांना जे पूज्य वाटतं त्याचा मान त्यांनी राखला, स्वतःचं मनही राखलं. हक्क आणि जबाबदारी एकाच माणसाच्या अंगात कशी नांदते, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

नियम केले की ते तुम्हालाही लागू, हे पहिल्या दिवशी सांगून टाका. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक १९१२ पासून वॉर्सातला अनाथाश्रम चालवत. तिथे मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच, आणि त्यांच्या नियमांत शिक्षेपेक्षा माफीची कलमं कितीतरी जास्त. त्या न्यायालयापुढे कोर्चाक स्वतःही उभे राहिले. तुम्हाला न्यायालय भरवायला नको. तुमची परीक्षा आणखी जवळच्या ठिकाणी होईल: खेळाच्या तासाला गणित घेणं. मुलांच्या मनात शाळेविषयी जो सगळ्यात जुना राग असतो, तो हाच. वर्गाने ठरवलं की विचारल्याशिवाय खेळाचा तास घ्यायचा नाही, तर विचारा. अभ्यासक्रम खरोखरच मागे असेल, तर तसं सांगा आणि पुढच्या आठवड्यात तो तास परत द्या. तुमच्या अनेक भाषणांनी होणार नाही ते या एका तासाने होईल.

जबाबदारीच्या नावाखाली मुलांना झाडू देऊन छायाचित्र काढण्यापेक्षा एक अर्ज लिहायला शिकवा. शाळेतला गळका नळ, बंद दिवा, रस्ता ओलांडायची धोक्याची जागा, काहीही. पहिलं काम हे शोधायचं की हे कुणाच्या अखत्यारीत येतं, आणि खरं शिक्षण त्यातच आहे. ‘सरकार’ म्हणून कुणी एक नसतं, ठरावीक कामाचं ठरावीक कार्यालय असतं, हे मोठ्यांनाही उशिरा कळतं. मग तारीख, विषय, मुद्दा, मागणी, सह्या, पोच. ‘लगेच दुरुस्त होईल’ असं मात्र मुलांना सांगू नका. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र, त्यात पहिल्याचा हवाला. कंटाळवाणं आहे. नागरिक असणं बरंचसं असंच असतं.

एक सांभाळा. ‘आपण सगळे या देशाचे नागरिक’ या वाक्याने सुरुवात करण्याआधी वर्गाकडे नीट बघा. एखाद्या मुलाचं कुटुंब दुसरीकडून आलेलं असेल, एखाद्याच्या घरी कागदपत्रांवरून काळजी असेल. मुलाला ते सांगायची वेळ आणू नका. घटनाही इथे फरक करते: भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ नागरिकांसाठी आहे, पण कायद्यापुढे समानतेचा १४ आणि जीविताचा २१ कोणत्याही व्यक्तीसाठी. बालहक्क संहिता तर राष्ट्रीयत्व विचारतच नाही. म्हणून सुरुवात माणसापासून करा, नागरिकावर नंतर या.

नागरिकावर आलात की मतदानाचा प्रश्न टाका: हा हक्क की कर्तव्य? ऑस्ट्रेलियाने १९२४ पासून राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचं केलंय, न केल्यास दंड होतो. आपल्याकडे मत न दिल्याबद्दल दंड नाही. मुलांना दोन गट करून भांडू द्या आणि अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलायला लावा. निकाल देऊ नका.

राहिली परीक्षा. प्रश्नपत्रिकेत ‘नागरिकांची कोणतीही पाच कर्तव्ये लिहा’ असं येणारच. ती पाठ करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. जे समजलंय ते पाठ व्हायला वेळ लागत नाही. तोंडी परीक्षा तुमच्या हातात असेल, तर तिथे एक प्रसंग सांगा: वर्गातल्या पंचवीस जणांनी ठरवलं की सव्विसाव्याला सहलीला न्यायचं नाही, कारण तो हळू चालतो. तू त्या पंचविसांत आहेस. काय करशील? उत्तर काय दिलं यावर गुण देऊ नका. कारण दिलं का आणि सव्विसाव्याला विचारायचं त्याला सुचलं का, तेवढं बघा.